वडांच्या गावातलं अंजीर

नाशिकच्या पंचवटीत वड, पिंपळ आणि उंबर या तिघांना कुणी सहसा हात लावत नाही. सीतागुंफेजवळचे वड तर गावाच्या नावाचेच धनी. पण गंगाघाटाच्या दगडांच्या सांध्यात, पडक्या वाड्याच्या भिंतीत किंवा देवळाच्या शिखरालगत उगवलेला पिंपळही वर्षानुवर्षं तसाच राहतो. काढायचा म्हटलं तर पहिला घाव कुणी घालायचा यावर घरात दोन दिवस खल चालतो आणि शेवटी ते काम गवंड्यावर ढकलून सगळे मोकळे होतात. औदुंबराचं तर विचारूच नका. त्याच्याखाली पादुका नसल्या तर थोड्या दिवसांत येतात. या तिघांनी आपल्याला एक सवय लावून ठेवली आहे. पक्ष्याने बी टाकावं, भिंतीने जागा द्यावी आणि माणसाने फार तर प्रदक्षिणा घालावी. झाड आपलं आपण वाढतं.

अंजीर याच कुळातलं. वड म्हणजे फायकस बेंगालेन्सिस, पिंपळ फायकस रिलिजिओसा, उंबर फायकस रेसिमोसा आणि अंजीर फायकस कॅरिका. चौघांच्या अंगात तोच पांढरा चीक, चौघांची फुलं फळाच्या पोटात दडलेली. अंजिराचा स्वभाव मात्र पार उलटा. त्याला कात्री लावली नाही तर ते उंच जातं, पसरतं, हाताच्या पंज्याएवढ्या पानांनी गच्च भरतं आणि फळाच्या वेळी हात वर करतं. पंचवटीत जुने वाडे पडून सोसायट्या उभ्या राहिल्या, अंगणं गच्चीवर गेली, तशी अंजिरंही कुंडीत आणि ड्रममध्ये चढली. तक्रार सगळीकडे एकच: झाड झकास आहे, पण फळं सुपारीएवढी होतात आणि गळतात. रोपवाटिकेत उभं राहिलं की पुढचा संवाद हमखास कानावर येतो. “ताई, पाणी कधी घालता?” “रोज सकाळी, तुळशीला घालते तेव्हाच.” “मग तिथंच घोटाळा आहे.”

गंमत अशी की छाटणी आणि पाण्याचा ताण या दोन गोष्टी नाशिककरांना कुणी शिकवाव्यात असं नाही. पंचवटी ओलांडून मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या कोणत्याही वाटेला लागा, द्राक्षांचे मांडव सुरू होतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, कोणत्या काडीवर किती डोळे राखायचे याचा हिशेब, छाटणीआधी पाणी तोडणं, हे इथल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. द्राक्ष नव्या फुटीवर लागतं. आपल्याकडच्या अंजिराचा मुख्य बहारही नव्या फुटीवरच लागतो. तरी मळ्यावर सराईतपणे कात्री चालवणारा माणूस घरच्या अंजिरापुढे हळवा होतो. हिरवी फांदी कशी तोडायची, असं त्याला वाटतं. माझ्या मते पंचवटीतली निम्मी अंजिरं या हळवेपणाने वांझ राहिली आहेत आणि उरलेली रोजच्या पाण्याने.

अंजिराचं महाराष्ट्रातलं खरं माहेर पुरंदर. सासवडच्या आसपासची दिवे, गुऱ्होळी, राजेवाडी ही गावं अंजिरावरच ओळखली जातात. जातीला नाव मात्र ‘पुणे अंजीर’. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच तालुक्यात जाधववाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. ‘फुले राजेवाडी’ ही निवड जात याच विद्यापीठाची. मराठवाड्यात दौलताबादचं अंजीर जुनं, आणि त्यातून निवडलेलं ‘दिनकर’. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुरंदरच्या शेतकरी कंपनीचा अंजिराचा रस पोलंडला रवाना झाला. तोडलं की दोन दिवसांत मऊ पडणाऱ्या फळाला बाटलीत घालून समुद्रापार पाठवायचं, हा खटाटोप समजण्यासारखा आहे.

पुरंदरला असं काय आहे? सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला तालुका, हलकी मुरमाड उताराची जमीन, चुनखडीचा अंश, कोरडी हवा. अंजिराला हेच मानवतं. नाशिकची दिवाळीनंतरची हवा या बाबतीत पुरंदरची सख्खी बहीण: समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंची, थंड कोरड्या रात्री, लख्ख ऊन. फरक पडतो तो मातीत. गोदाकाठची काळी कसदार जमीन ही इथल्या माणसाच्या अभिमानाची गोष्ट. गहू, भाजीपाला, काय लावाल ते मानणारी. अंजिराला मात्र ती जड जाते. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, मुळांचा श्वास कोंडतो, आणि झाड वरून हिरवंगार दिसत असताना खालून कुजायला लागतं. उन्हाळ्यात भेगाळून तीच माती बारीक मुळ्या तोडते.

म्हणून अंगणात लावायचं तर खड्डा घेताना कंजूषपणा नको. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, तळाला विटांचे तुकडे आणि मुरूम घालावा, वर पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड यांचं मिश्रण भरावं. खड्डा भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच भरला तर जुलै-ऑगस्टचं पाणी बुंध्याशी थांबत नाही. जागा अशी हवी की निदान सहा तास थेट ऊन पडेल. दोन सोसायट्यांच्या मधल्या बोळात अंजीर लावून फळाची वाट पाहू नये. भिंत, पाण्याची टाकी, सांडपाण्याची पाइपलाइन यांपासून दहा-बारा फूट लांब राहिलेलं बरं. शेवटी ते पिंपळाच्याच गोतातलं आहे. ओलीचा वास लागला की त्याची मुळं नळाच्या जोडात घुसतात.

गच्चीवर ही भीती नाही. दोनशे लिटरचा निळा ड्रम आडवा कापला की दोन झाडांची सोय होते. तळाला आणि बुडाजवळ कडेने बोटभर भोकं पाडावीत, ड्रम विटांवर ठेवावा आणि तो स्लॅबच्या मधोमध न ठेवता खालच्या तुळईवर येईल असा ठेवावा. ओली माती भरलेला अर्धा ड्रम दोन माणसांना हलत नाही. आत दोन घमेली तांबडी माती किंवा पोयटा, एक घमेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू किंवा बारीक मुरूम या प्रमाणात भरावं. काळी माती इथेही नको. दर दोन-तीन वर्षांनी छाटणीच्या वेळी माती कडेने मोकळी करून बाहेरची गुंतलेली मुळं कापायची आणि तिथे नवी माती भरायची. हे केलं नाही तर ड्रममध्ये मुळांचा गुंता होतो आणि वर घातलेलं पाणी सरळ भोकातून निघून जातं. झाड तहानलेलं, मालक म्हणतो रोज बादलीभर घालतो.

पाण्याचा खरा नियम साधा आहे. बोट दोन पेरं मातीत घालावं, ओल लागली तर परत जावं. द्यायचं तेव्हा भरपूर द्यावं, मग थांबावं. फळ वाढत असताना कधी कोरडं कधी चिखल असं झालं की फळ गळतं, नाहीतर पिकताना फाटतं. आणि युरियाचा मोह टाळावा. नत्र जास्त झालं की अंजीर पानांचं दुकान मांडून बसतं.

आता बहार. अंजिराला आपल्याकडे दोन बहार येतात, खट्टा आणि मीठा. खट्ट्या बहाराचं फळ पावसाळ्याच्या ओलीत वाढतं, मीठ्याचं हिवाळ्यात वाढून फाल्गुन-चैत्रात पिकतं. खट्ट्या बहाराला बाजारात मागणी असते, भाव चांगला मिळतो, म्हणून पुरंदरचे बागायतदार तोही धरतात. त्यांना त्यासाठी फवारण्यांची आणि मजुरांची फौज उभी करावी लागते. घरच्या झाडावर तो धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. श्रावणात दिसलेली फळं मन घट्ट करून खुडून टाकावीत. ती पिकली तरी पाणचट लागतात आणि झाडाची ताकद खातात.

मीठ्या बहारासाठी तारीख वेगळी शोधायला नको. मखमलाबादचे द्राक्षवाले गोडी छाटणीला लागले की आपणही कात्री काढायची. पाऊस मागे हटल्यावर जमिनीतल्या झाडाचं पाणी दोन-तीन आठवडे तोडावं. ड्रममधल्याला आठ-दहा दिवसांचा ताण पुरतो. पानं पिवळी पडून गळायला लागली की घाबरू नये, तेच हवं असतं. मग वाळक्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात आणि गेल्या वर्षीच्या फुटीचा शेंड्याकडचा भाग छाटावा. काप तिरपा, डोळ्याच्या जरा वर. छाटून झाल्यावर शेणखत, मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड आणि भरपूर पाणी. थोड्याच दिवसांत डोळे फुगतात, पुढे प्रत्येक नव्या पानाच्या बगलेत हिरवा मणी दिसतो. तिथून फळ पिकायला चार-साडेचार महिने.

छाटणीच्या जोडीला पुण्याकडच्या जुन्या बागायतदारांची आणखी एक युक्ती आहे. ती नाशिकच्या गच्चीवर फारशी कुणाला माहीत नाही. तिला खाचा पाडणं म्हणतात. अंजिराची फांदी सरळ वर धावते आणि खालचे डोळे झोपलेले राहतात. पावसाळ्यात, जुलैच्या सुमारास, साताठ महिन्यांची पेन्सिलीपेक्षा जाड फांदी धरायची. जागा करायच्या डोळ्याच्या लगेच वर धारदार चाकूने साल आणि तिच्याखालचं किंचित लाकूड असा तिरपा काप उचलायचा, इंचभर लांब आणि त्याच्या निम्म्याहून कमी रुंद. शेंड्याकडून खाली येणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवत असतं. खाचेने त्याची वाट अडते आणि तो डोळा फुटतो. काप घेताक्षणी पांढरा चीक भळभळतो. तो ओल्या फडक्याने टिपायचा, जखम सुकू द्यायची आणि तिच्यावर बोर्डो पेस्ट लावायची. एका फांदीवर अशा तीन-चार खाचा पुरेत. जिथे एकच काठी उभी होती तिथे पुढच्या हंगामाला फळाच्या चार फांद्या मिळतात.

बोर्डोचं नाव काढल्यावर नाशिकमध्ये खुलासा करावा लागू नये, पण शहरात लागतो. मोरचूद आणि चुना यांचं हे मिश्रण फ्रान्समध्ये द्राक्षाच्या मळ्यांतच सापडलं. रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तिथले शेतकरी हे निळं पाणी शिंपडत. शिंपडलेल्या वेलींना केवडा हा रोग होत नाही, हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये हेरलं आणि १८८५ मध्ये जगापुढे मांडलं. अंजिरावर ते तांबेऱ्यासाठी लागतं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पान उलटून पाहिलं तर तपकिरी-पिवळसर पुळ्या दिसतात. बोट फिरवलं की हळदीसारखी पूड बोटाला येते. हाच तांबेरा. त्याच्याकडे दुर्लक्ष झालं की दसऱ्यापर्यंत झाड उघडंबोडकं होतं आणि उरलेली फळंही जातात.

घरच्यापुरतं औषध घरीच होतं. दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळवायचं, दहा ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विरवून गाळून घ्यायचा. भांडी प्लास्टिकचीच हवीत. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळायचं, निळं आकाशी दूध तयार होतं. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा किंवा सुरीचं पातं मिनिटभर बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. चिमूट-चिमूट वाढवायचा, पातं कोरं निघेपर्यंत. हे मिश्रण त्याच दिवशी वापरायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. पानांच्या खालच्या बाजूने फवारायचं. वरून मारलेलं औषध फोटोपुरतं. फळ पिकायच्या बेतात असताना फवारायचं नाही. पेस्टसाठी हेच प्रमाण दसपट घट्ट: शंभर ग्रॅम, शंभर ग्रॅम आणि एक लिटर. गळलेली रोगट पानं मात्र कंपोस्टमध्ये टाकू नयेत, वेचून जाळावीत.

खोडकिड्याला मी तांबेऱ्यापेक्षा जास्त भितो. खोडाला भोक आणि खाली लाकडाचा ओला भुसा दिसला की आत अळी बसली आहे असं समजावं. सायकलची तार आत घालून ती खेचून किंवा चिरडून काढायची, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकात कोंबून वर चिखल लिंपायचा. एकाच खोडावर वाढवलेलं झाड अशा एका अळीने गारद होतं. म्हणून घरच्या झाडाला बुंध्यापासून तीन-चार खोडं राखलेली बरी. दिसायला झुडूप दिसलं तरी चालेल. तिसरा शत्रू जमिनीखालचा, सूत्रकृमी. मुळांवर मण्यांसारख्या गाठी येतात आणि झाड कारणाशिवाय खंगतं. बुंध्याभोवती झेंडू लावावा, निंबोळी पेंड घालावी. उंबराची मुळं या सूत्रकृमीला फारशी जुमानत नाहीत, आणि अंजिराचं कलम उंबराच्या खुंटावर बसतं. असे प्रयोग अमेरिकेत फ्लोरिडातही झाले आहेत. पंचवटीसारख्या ठिकाणी, जिथे उंबराचं रोप कुठल्याही गटाराच्या कडेला सापडतं, तिथे हे करून पाहायला हरकत नाही. रोप उपटताना कुणी हटकलं तर दत्तगुरूंचं झाड वाचवतोय म्हणून सांगावं!

अंजिराबद्दल आणखी एक प्रश्न पंचवटीत हमखास निघतो, तो म्हणजे त्यात किडे असतात का. म्हसरूळला गजपंथची टेकडी आहे, दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र. जैन आचारात वड, पिंपळ, उंबर अशी याच कुळातली पाच फळं वर्ज्य मानली आहेत आणि अनेक जैन घरांत अंजीरही शिवलं जात नाही. उंबर फोडून पाहिलेल्या कुणालाही यामागचं निरीक्षण पटेल. आतून चिलटांसारखे कीटक भुर्रकन उडतात. या कुळातल्या जवळजवळ प्रत्येक झाडाचा स्वतःचा असा बारीक गांधीलवर्गीय कीटक असतो. तो फळाच्या टोकावरच्या छिद्रातून आत शिरतो, परागीभवन करतो, अंडी घालतो आणि तिथेच मरतो. उंबराचा कीटक वडाकडे जात नाही, वडाचा अंजिराकडे येत नाही.

अंजिराचा स्वतःचा कीटक पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राकाठचा. तुर्कस्तानच्या स्मर्ना जातीचं त्याच्यावाचून पान हलत नाही. कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ही झाडं हौसेने नेऊन लावली, झाडं वाढली आणि फळं कोवळीच गळत राहिली. फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंग यांच्या बागेत १८९९ मध्ये तो कीटक स्थिरावला, तेव्हा कुठे फळ पिकलं. पुणे अंजिराला यातलं काहीच लागत नाही. परागीभवनाशिवायच त्याचं फळ भरतं. म्हणजे गच्चीवरच्या अंजिरात तो कीटक शिरलेला नसतो. दिवाळीच्या ड्रायफ्रूटच्या डब्यातल्या परदेशी सुक्या अंजिराबद्दल मात्र अशी खात्री देता येत नाही. ज्यांच्या घरी नियम आहे त्यांनी तो पाळावा, त्यात कीटकाएवढाच असंख्य बियांचाही विचार आहे. पण फळगळीला ‘कीटक मिळाला नाही’ हे कारण इथे लागू नाही. दोष पाण्याचा, नाहीतर कात्रीचा.

फळ पिकलं कसं ओळखायचं? हिरवा रंग जाऊन जांभळट तांबूस झाक येते, पण रंगावर जाऊ नये. देठाजवळची मान वाकते, फळ खाली लोंबतं, सालीवर बारीक पांढऱ्या चिरा उमटतात आणि टोकाच्या डोळ्यात मधासारखा थेंब साचतो. त्याआधी तोडलेलं अंजीर घरात ठेवून गोड होत नाही. आंब्याची अढी इथे चालत नाही. बाजारातलं अंजीर प्रवास सोसावा म्हणून थोडं आधीच उतरवलेलं असतं, आणि घरच्या झाडाचा सगळा फायदा या शेवटच्या दोन दिवसांत आहे. त्याच दोन दिवसांवर तांबट, बुलबुल आणि रात्री वटवाघळं टपलेली असतात. मलमलच्या किंवा जाळीच्या छोट्या पिशव्या फळांवर आधीच बांधाव्यात. मुंग्यांसाठी खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीसचा पट्टा द्यावा. मुंग्या थांबल्या की त्यांनी पाळलेला पिठ्या ढेकूणही आटोक्यात येतो. तोडणी सकाळी लवकर, देठासकट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून करावी. कच्च्या देठाचा चीक ओठाला लागला तर आग होते, आणि पानांचा रस लागलेल्या हातावर ऊन पडलं तर भाजल्यासारखे डाग उठतात.

परागीभवन नसल्यामुळे पुणे अंजिराचं बी आतून पोकळ असतं, ते उगवत नाही. म्हणून भिंतीत पिंपळ उगवतो तसं हे अंजीर कधी उगवलेलं दिसणार नाही. प्रत्येक झाड कुणीतरी कुणाकडून तरी आणलेल्या फाट्याचं. जॉर्डनच्या खोऱ्यात गिलगल इथे अकरा हजार चारशे वर्षांपूर्वीची जळालेली अंजिरं सापडली, तीही अशीच बी न धरणारी. २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ते संशोधन छापून आलं. माणूस धान्य पेरायच्याही आधी अंजिराचे फाटे खोचत होता, असं त्या संशोधकांचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलेलं नाही.

ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेले फाटे त्यामुळे टाकू नयेत. अंगठ्याएवढ्या जाडीचे, वर्षाच्या आतले, फूट-सव्वा फूट लांबीचे तुकडे निवडावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा डोळ्याच्या बोटभर वर. चीक सुकू द्यावा आणि तुकड्याचा दोन तृतीयांश भाग वाळूमिश्रित मातीच्या पिशवीत खोचून पिशवी सावलीत ठेवावी. पानं लवकर फुटतात, पण ती फांदीतल्या साठ्यावर आलेली असतात. त्यांना भुलून पिशवी उन्हात हलवली की तुकडा वाळतो. मुळं धरायला दोन-तीन महिने द्यावेत आणि रोप जूनच्या पहिल्या पावसात जागेवर लावावं. शेजाऱ्यांना द्यायचं असेल तर तेव्हाच द्यावं, आणि कात्री विकत घ्यायला सांगूनच द्यावं.